झाकलेल्या आरशाचा कवडसा

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मिट्ट काळोख लागतो, कुत्र्यांचं रडणं लागतं. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. माझ्या हातांना कांद्याचा वास येत होता. आजूबाजूला पोटभर जेवून ढेकर देणारी माणसं होती.

आणि तरीही जे झालं ते झालं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ज्याला थापा वाटतील त्याने खुशाल पुढचं वाचू नये, माझं काही अडलेलं नाही.

मी खानावळ चालवते. डोंगराच्या पायथ्याशी, प्रवाशांच्या बस थांबतात तिथे. गरम भात, रस्सा, उकडलेली अंडी, चहा. लोक लांबून येतात ते माझ्या रश्शासाठी नाही, हे मला माहीत आहे. वर खडकात कोरलेलं जुनं देऊळ आहे, ते बघायला येतात. एका मागे एक तीन दालनं. सगळ्यात आतल्या दालनात देवीची मूर्ती, आणि तिच्यासमोर जमिनीत खोल कुंड. भिंतींवर, छतावर चित्रंच चित्रं, आणि चित्रांवर जागोजागी सोन्याचा वर्ख.

आत दिवा न्यायला बंदी आहे. धुराने चित्रं काळी पडतात. बॅटऱ्या आणि मोबाईलसुद्धा दाराशी ठेवून घेतात.

मग दिसतं कसं? तर उन्हाने.

बाहेर ओट्यावर एक माणूस मोठा आरसा धरून बसतो आणि ऊन दारातून थेट आत पाठवतो. आत गाईड पांढरी चादर ताणून उभा असतो. चादरीवर ऊन पडलं की अख्खं दालन उजळून निघतं. बाया-माणसं "अय्या!" करतात. मी लहानपणापासून बघतेय, तरी मलाही दर वेळी बरं वाटायचं.

या कामाचा एक नियम आहे. तो नीट लक्षात ठेवा.

संध्याकाळी सगळ्यात शेवटी आतून बाहेर येणाऱ्याने आरसा झाकायचा.

आरसा झाकलेला दिसला म्हणजे आत कोणी नाही. मग पहारेकरी दाराला कुलूप घालतो. आत डोकावत नाही, हाक मारत नाही. आमच्या आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलंय.

तो आरसा माझी ताई धरायची. माझी सख्खी थोरली बहीण.

भाऊजी लवकर गेले. ताईने एकटीने लेकीला वाढवलं. लेकीला आम्ही घरात बबडी म्हणतो, आता चांगली घोडी झालीय तरी बबडीच. ताई तोंडाने फटकळ, पण कामाला अशी पक्की की विचारू नका. सकाळी काम सुरू करताना ती चादर झटकायची, फटक्! संध्याकाळी काम संपलं की पुन्हा एकदा, फटक्! मग घडी. तो आवाज खाली माझ्या खानावळीपर्यंत यायचा.

आणि तिची एक खोड होती. भूक लागली की वरून आरसा फिरवून माझ्या चुलीमागच्या भिंतीवर कवडसा नाचवायची. कवडसा नाचला की समजायचं, बाईसाहेबांच्या पोटात कावळे ओरडतायत.

"अगं डोळे फोडशील माझे!" मी खालून ओरडायचे.

ती वर हसत बसायची.

आता त्या माणसाबद्दल सांगते. आत चादर धरणारा मुख्य गाईड. सगळे त्याला प्रोफेसर म्हणायचे. शिकवलं त्याने आयुष्यात कोणाला काही नाही, पण बोलायचा असा की समोरच्याने तोंडात बोट घालावं. देवळाची देखभाल बघणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब त्याच्या शब्दाबाहेर नव्हते.

एक दिवस ताई जेवताना मला म्हणाली, "देवीच्या मागच्या भिंतीवरचा वर्ख कोणीतरी खरवडतंय गं."

"कोण?"

"आत चादरीपाशी एकटा कोण असतो?"

मी वाढायची थांबले. ती म्हणाली, "मी आज त्याला तोंडावर सांगितलंय. परवा शहरात जाऊन साहेबांना सगळं सांगणार आहे. देवळाला सुट्टीच आहे तेव्हा."

ते आमचं शेवटचं जेवण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई चादर आणायला आत गेली. रोजचंच काम होतं तिचं.

बाहेर कोणीतरी आरसा झाकला.

पहारेकऱ्याने झाकलेला आरसा बघितला आणि कुलूप घातलं.

पुढचा दिवस सुट्टीचा. आम्ही समजलो, ताई परस्पर शहरात गेली आणि तिकडेच राहिली. देऊळ उघडलं तेव्हा ती आतल्या कुंडात सापडली. अंधारात चाचपडत, दार समजून उलट्या दिशेने गेली असेल. तिच्या बोटांची नखं तुटली होती. दारावर ओरखडे होते.

आणि तिच्या तळव्यांना वर्ख लागलेला होता.

भिंती चाचपडत फिरलेल्या बाईच्या हाताला दुसरं काय लागणार? पण प्रोफेसरने ते हात साहेबांना दाखवले आणि म्हणाला, "बघा. हिनेच आरसा झाकला, पहारेकऱ्याला गंडवलं आणि सोनं खरवडायला आत लपून बसली."

झालं. माझी ताई चोर ठरली.

मी भांडले. साहेबांच्या टेबलावर हात आपटून भांडले. पहारेकऱ्याला विचारलं, "दारावर थापा ऐकू आल्या नाहीत तुम्हाला? तिथेच तर राहता."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वारा होता."

"वारा दारावर थापा मारतो का?"

"चोराची बाजू घेऊ नकोस बाई," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मग प्रोफेसरने जे केलं, त्याला माणूस म्हणावं की काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

त्याने ताईची गोष्ट बनवली. प्रवाशांना सांगायला!

आतल्या दालनात नेऊन तो एकदम चादर खाली टाकायचा. ती खूण. बाहेरून आरसा झाकला जायचा आणि आत काळोख. डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा. मग तो आवाज बारीक करून सांगायचा, "इथे... याच कुंडात... एक चोर बाई पडली. देवीचं सोनं चोरायला आली होती. अजून ती अंधारात चाचपडते..." बाया किंचाळायच्या, बापे हसायचे. मग पुन्हा उजेड. सगळे खूश. लोक खाली येऊन माझ्याच खानावळीत माझाच भात खाता खाता एकमेकांना म्हणायचे, "ती चोर बाईची गोष्ट काय भारी होती ना!"

माझ्या हातात पळी असायची. कशी डोक्यात घातली नाही कोणाच्या, माझं मला माहीत.

आणि बाहेर आरसा कोण धरायचं ठाऊक आहे? बबडी. आईच्या जागी तिला लावलं होतं. रोज त्या खुणेला आरसा झाकायचा आणि आत काय चाललंय ते समजून गप्प बसायचं.

बबडीला गाईड व्हायचं होतं. देवळातलं प्रत्येक चित्र तिला आईने समजावून सांगितलेलं. पण प्रोफेसरच्या मंजुरीशिवाय बिल्ला मिळत नाही. त्याने तिला टोलवत टोलवत शेवटी एकदाचं सांगितलं, "उद्या दुपारच्या बसला तू फिरव. मी बघतो. पण गाईड म्हणजे सगळं सांगायचं. चोर बाईची गोष्टसुद्धा. लोकांना तीच आवडते."

बबडीने मला सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"जळो तो बिल्ला! आईला चोर म्हणणार तू? स्वतःच्या तोंडाने?"

"मावशी, ऐक तरी. चार वाक्यं आहेत. बोलून टाकते. एकदा बिल्ला छातीवर आला ना, की ती गोष्ट मी कायमची बंद करणार. खरं काय ते मीच सांगणार, रोज, प्रत्येक बसला. बाहेर आरसा धरून बसले तर माझं कोण ऐकणार?"

बोलणं खोटं नव्हतं तिचं.

"तू आत येशील ना? तुझं तोंड दिसलं की धीर येतो मला."

ताई गेल्यापासून मी त्या देवळात पाऊल ठेवलं नव्हतं. पण पोरीसाठी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बसमधल्या लोकांना वाढलं, हात पुसले आणि त्यांच्याबरोबर वर गेले. ऊन रणरणत होतं. आरशावर त्या दिवशी पहारेकऱ्याला बसवलं होतं.

बबडीने पहिली दोन दालनं अशी दाखवली की एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो!" माझी छाती भरून आली. प्रोफेसर मागे चादर धरून उभा. ओठ मुडपलेले.

मग आम्ही आतल्या दालनात गेलो.

कुंडाभोवती दोर बांधलेला होता. मी तिकडे बघायचं टाळत होते. बबडीचा चेहरा चादरीच्या उजेडात पांढरा दिसत होता.

प्रोफेसरने चादर टाकली.

बाहेर आरसा झाकला गेला.

काळोख...

"सांग," प्रोफेसर म्हणाला.

बबडी बोलेचना. कोणीतरी खोकलं. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"सांग ना!"

"इथे..." बबडीचा आवाज फुटत होता. "इथे, या कुंडात... एक... एक चोर बाई पडली. देवीचं सोनं चोरायला..."

फटक्!



चादर झटकल्याचा आवाज. ताईच्या हातचा. हजार आवाजांत ओळखीन मी तो.

"कोणी चादरीला हात लावला?" प्रोफेसर खेकसला. "कोणी हलायचं नाही."



मग थापा ऐकू आल्या...

ठप. ठप. ठप.

बाहेरच्या दारावर. आतून. दार तर सताड उघडं होतं. आम्ही त्यातूनच आलो होतो. तरी बंद लाकडावर पडाव्यात तशा थापा. मग नखांचं खरवडणं.

"छान इफेक्ट आहे हं," एक तरुण हळूच म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "गप्प बसा, मला भीती वाटतेय."

आणि उजेड आला.

छतावर. वाटाण्याएवढा. मग लिंबाएवढा. एक कवडसा.

बाहेरून येणारं ऊन मला नवीन नाही. ते दाराकडून येतं, त्यात धूळ नाचताना दिसते, अंगावर पडलं की ऊब लागते. हा कवडसा दाराकडून येत नव्हता...

तो कुंडातून वर येत होता.

आणि त्यात धुळीचा एक कण नव्हता.

कवडसा छतावरून भिंतीवर उतरला. भिंतीवरून माणसांवर आला. एकेका तोंडावर जायचा आणि पुढे सरकायचा. त्या तरुणावर आला, सरकला. म्हाताऱ्या गृहस्थांवर आला, सरकला. माझ्यावर आला... गार होता. विहिरीच्या तळासारखा गार. मी डोळे मिटले नाहीत. मनात म्हटलं, ताई, मी आहे गं.

सरकला.

बबडीच्या तोंडावर आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मला वाटलं, आई लेकीला डोळे भरून बघतेय. माझ्या डोळ्यांना धार लागली.

मग तो प्रोफेसरवर गेला.

"आरसा झाक!" प्रोफेसर ओरडला. "ए पहारेकऱ्या, आरसा झाक म्हणतो ना!"

बाहेरून आवाज आला, "झाकलेलाच आहे! माझा हात आहे त्याच्यावर!"

प्रोफेसर बाजूला सरकला. कवडसा सरकला. त्याने पाठ फिरवली. कवडसा भिंतीवरून वळसा घालून पुन्हा त्याच्या डोळ्यांवर. त्याने तोंडावर दोन्ही हात धरले...

उजेड हातांच्या आरपार गेला. बोटांच्या आड त्याचे उघडे डोळे आम्हाला सगळ्यांना दिसत होते.

"मी झाकला!" तो किंचाळला. "मी झाकला होता आरसा! ती साहेबांना सांगणार होती... मीच खरवडत होतो... मला वाटलं, एक दिवस कोंडून ठेवली तर घाबरेल, गप्प बसेल... दार उघडा! अरे दार उघडा कोणीतरी!"

"दार उघडंच आहे," बबडी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

कवडसा विझला.

बायका रडायला लागल्या. मी पूर्ण ताकदीने ओरडले, "पहारेकरी, आरसा उघडा!" त्याने उघडला. टाकलेल्या चादरीवर ऊन पडलं आणि दालन लख्ख उजळलं. देवी दिसली, चित्रं दिसली, सगळ्यांचे घाबरलेले चेहरे दिसले.

प्रोफेसर मधोमध उभा होता. हात पुढे करून हवेत चाचपडत.

"उजेड करा ना," तो म्हणाला. "आरसा का झाकलाय अजून?"

त्याला पुन्हा कधी दिसलं नाही.

बसभर साक्षीदार होते. खात्याची माणसं आली. त्याच्या घरात वर्ख सापडला, पुडक्यांत बांधलेला. साहेब स्वतः माझ्या खानावळीत आले, हात जोडले, म्हणाले, "चूक झाली बाई." ताईचं नाव कागदोपत्री साफ झालं. बबडीला बिल्ला मिळाला. प्रोफेसरला जबाबासाठी नेलं, पण आंधळ्या, भ्रमिष्ट माणसाला काय शिक्षा करणार? तो आता घरात भिंती चाचपत फिरतो. दिवसभर एकच बोलतो, "दार उघडा."

मला त्याची कीव आली का? अजिबात नाही. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी रश्शात मसाला जरा जास्तच घातला आणि ताईच्या नावाने सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. बबडी रोज प्रत्येक बसला खरी गोष्ट सांगू लागली. चादर न टाकता, भर उजेडात.

इथेच संपायला हवं होतं ना?

मलाही तेच वाटलं होतं.

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास पहारेकरी माझ्याकडे चहाला आला. बोलता बोलता त्याच्या कपाळावर एक कवडसा आला. मी सवयीने वर डोंगराकडे बघितलं. आकाश भरून आलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता. वर आरसा झाकलेला होता.

कवडसा त्याच्या डोळ्यांवर उतरला आणि थांबला.

"काय झालं? अशी काय बघतेस?" त्याने विचारलं.

त्याला तो दिसतच नव्हता.

पुढच्या काही दिवसांत त्याची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत दोष काही सापडत नाही. मला वाटलं, ठीक आहे. थापा ऐकूनही वारा म्हणालास ना? भोग.

मग बस चालवणारा एक जण. हसतमुख माणूस, माझं रोजचं गिऱ्हाईक. त्याने ताईचं काय वाकडं केलं होतं? मी आठवून आठवून दमले. मग आठवलं. येताना बसमध्ये लोकांना तो आधीच सांगून ठेवायचा, "वर चोर बाईची गोष्ट ऐका हं, मजा येते."

त्या दिवशी माझ्या हातातलं ताट खाली पडलं. कारण मला उमजलं, ती कोणाला शोधतेय.

कोंडणाऱ्याला शोधून झालं होतं. आता तिला चोर कोणी कोणी म्हटलं, ते ती बघत होती.

आणि त्या दिवशी कुंडापाशी... कवडसा बबडीवर का थांबला होता?

लेकीला बघायला थांबला नव्हता तो.

मी बबडीला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी आई तुला शोधतेय? खानावळीच्या खिडक्यांना गोणपाट लावलं. स्टीलची ताटं कपाटात टाकली, भांडी उपडी घालायला लागले. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं. लागू दे.

परवाची गोष्ट.

दुपारची बस जेवून गेली होती. बबडी चुलीपाशी बसून जेवत होती. छातीवर बिल्ला. आज एका आजीबाईंनी तिला कसं जवळ घेतलं, ते सांगत होती. मी भाताचं पातेलं उतरवायला वळले...

चुलीमागच्या भिंतीवर कवडसा नाचत होता.

अगदी तसाच. भूक लागल्यावर नाचवायची तसाच.

मला क्षणभर बरं वाटलं हो. काय सांगू तुम्हाला. इतक्या दिवसांनी. तोंडातून निघूनही गेलं, "आले गं, वाढते."

कवडसा भिंतीवरून खाली उतरला. ताटावर आला. बिल्ल्यावर आला. मग हळूच वर सरकला.

मी पातेलं टाकलं आणि धावत मध्ये जाऊन उभी राहिले. तो माझ्या पाठीवर पडायला हवा होता. पडला नाही. माझ्यातून आरपार जाऊन बबडीच्या डोळ्यांवर होता.

"ताई!" मी दाराकडे तोंड करून ओरडले. "तुझी पोर आहे ती! तुझ्यासाठीच बोलली गं ती! तुझं नाव तिनेच साफ केलं! ताई, बस कर!"

बबडीचा घास हातातच राहिला.

"मावशी, कोणाशी बोलतेस?" ती म्हणाली. मग डोळे चोळले. "आणि दार का लावलंस गं? जेवताना तरी उजेड असू दे."

दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

अजून थोडं दिसतं तिला. कडेकडेने. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत दोष काही नाही. मला ते पाठ झालंय.

काल मी वर गेले. एकटीच. आतल्या दालनात, कुंडाच्या काठाशी बसले. ताईला सगळं सांगितलं. बिल्ल्याचं सांगितलं, चार वाक्यांचं सांगितलं, पोरगी रात्र रात्र रडायची ते सांगितलं. पदर पसरला. म्हटलं, हवे तर माझे डोळे घे. तुला नेहमी म्हणायचे ना, डोळे फोडशील म्हणून? घे मग.

कुंडाच्या काठाला डोकं टेकवलं.

उठले. दारापर्यंत आले. आणि मागून, त्या काळोखातून...

फटक्!

ताई चादर दोनदाच झटकायची. काम संपल्यावर एकदा. आणि काम सुरू करताना एकदा.

यातला हा कुठला, ते मला माहीत नाही.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. त्या देवळात खूप लोक येऊन गेलेत. तुमच्यापैकीही कोणी आलं असेल. प्रोफेसरची गोष्ट ऐकून हसलं असेल, घरी जाऊन चार जणांना सांगितली असेल. तसं असेल तर आज, आत्ता, मोठ्याने म्हणा की ती चोर नव्हती. घरात कोणी नसलं तरी म्हणा. तिला ऐकू जातं.

बबडी सकाळपासून तेच म्हणत बसलीय. दाराच्या उंबऱ्यावर, उन्हाकडे तोंड करून. "माझी आई चोर नव्हती. माझी आई चोर नव्हती."

मधूनच थांबते आणि मला विचारते, "मावशी, ऊन आलं का गं?"

मी म्हणते, "येईल हं, बाळा."

ऊन तिच्या तोंडावरच आहे.